इन्स्टॉल झालं नाही, हे नशीब

मंगळवारची संध्याकाळ, सहा-सव्वासहा. आयटी पार्कसमोरच्या टपऱ्यांवर गर्दी व्हायला लागली होती आणि मी बॅग आवरत होते. तेवढ्यात आमचा इंटर्न उघडा लॅपटॉप हातावर धरून तोंड पाडून आला. "मॅडम, दुपारपासून लागलो आहे, इन्स्टॉलच होऊन नाही राह्यलं."

एका व्यापाऱ्याच्या जीएसटी बिलांच्या पीडीएफमधून आकडे काढायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने एआयला विचारलं. एआयने चाळीसेक ओळींचा सुबक कोड दिला आणि सोबत एक पायथन पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार कोड, सुचवलं. नाव इतकं सोज्वळ की शंका यायचं कारणच नाही. (ते नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये. का ते पुढे कळेल.) अशी पॅकेजं जिथून उतरवतात त्या पायपीआय साइटवर मी शोधलं. असं पॅकेजच नाही.

"म्हणजे एआयने फेकली?"

"हाव. फेकली."

दुपार वाया गेली म्हणून पोट्टा हिरमुसला. मला मात्र एसीत बसून घाम फुटला. कारण ते नाव आधीच कोणी नोंदवून ठेवलं असतं, तर इन्स्टॉल मुकाट झालं असतं. पायपीआयवर कोणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतं, आणि कित्येकदा त्यातला कोड इन्स्टॉल होतानाच चालतो, वापरायची वाटही पाहत नाही. ह्या पोराच्या लॅपटॉपवर क्लायंटच्या सर्व्हरची की, म्हणजे आत शिरायची किल्लीच, होती. तो खुशीत घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी कोडच्या रिव्ह्यूत मी, खरं सांगते, वरवर पाहून पास केलं असतं. कोड दिसायला माझ्यापेक्षा नीटनेटका होता.

हे काही माझ्या डोक्यातलं भूत नाही. बार लन्यादो नावाच्या सुरक्षा संशोधकाला दिसलं, की एआय 'हगिंगफेस-सीएलआय' असं एक नसलेलं पॅकेज वारंवार सुचवतं. त्याने त्या नावाचं रिकामं पॅकेज टाकून पाहिलं. तीन महिन्यांत ३० हजारांवर डाउनलोड! ही २०२४ ची गोष्ट. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या संशोधकांनी १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले. सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास २० टक्के अस्तित्वातच नव्हती. पैसे मोजून वापरायच्या मॉडेलांचा आकडा बराच कमी, ५ टक्क्यांच्या आसपास. पण मला टोचली ती वेगळीच गोष्ट. तोच प्रश्न दहा वेळा विचारला, तर नसलेल्या नावांपैकी ४३ टक्के नावं दहाही वेळा आली. थापाड्या माणूस निदान दर वेळी नवी थाप मारतो. हा तीच थाप इमानाने मारतो, आणि मग चोराला कोणत्या दाराशी उभं राहायचं ते आधीच कळतं.

माझ्या बाबांनी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका औषधांच्या होलसेल दुकानात आयुष्य काढलं. आलेला माल ते बिलाशी जुळवायचे: नाव, बॅच नंबर, एक्सपायरी. एका अक्षराच्या फरकाने औषधांची नावं सारखी असतात, म्हणून नावावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. लहानपणी कंटाळून मी विचारलं होतं, इतकी वर्षं एकाच माणसाकडून माल घेता, तरी रोज काय तपासता? "विश्वास आहे म्हणून तर त्याच्याकडून घेतो ना. बॅच जुळवणं वेगळं."

आमच्या धंद्यात लॉक फाइल, म्हणजे वापरलेल्या पॅकेजांची यादी, हे तेच बिल. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, त्याचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) काय. आहे सगळ्यांकडे, वाचतं कोण?

आता कोणी म्हणेल, माणसाने लिहिलेलं वापरा, एआयचं नको. एक्सझेड विसरलात का? लिनक्समध्ये सगळीकडे असलेली ही फाइली दाबायची लायब्ररी. ती सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरला 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोनेक वर्षं मदत केली, चांगलं काम केलं, भरवसा कमावला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत चोरदार बसवलं. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंडने. आमचं दुकान ज्या पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं, त्याच्याच डेव्हलपरांपैकी एक. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो खोदत गेला. अर्धा सेकंद! आमच्याकडे पाच सेकंद लागले तरी आम्ही नेटला शिव्या देऊन चहाला जातो.

बुधवारी मी नियम केला. नवं पॅकेज घ्यायचं तर त्याचं पान उघडायचं, कोणाचं, कधीपासूनचं ते पाहायचं आणि मला दाखवायचं. इंटर्नने मान डोलावली. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तो लॉग टाकला होता ना एआयमध्ये?"

टाकला होता. गेल्या वर्षी, रात्री दीड वाजता, क्लायंटचा सर्व्हर बंद पडला तेव्हा अख्खा एरर लॉग, म्हणजे सर्व्हरने केलेली बिघाडाची नोंद, चिकटवला होता. त्यात गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आहेत हे सकाळी लक्षात आलं. चॅट डिलीट केली, तेवढंच. क्लायंटला सांगितलं नाही. पोराला मीच कधीतरी हसत हसत हा किस्सा सांगितला होता. आता हसू आलं नाही. नियमात आणखी एक ओळ वाढवली आणि क्लायंटला फोन लावला. तो फोन काही गोड झाला नाही, एवढंच सांगते.

पॅकेजच्या त्या नावाबद्दल इंटर्नचं म्हणणं होतं, की आपणच नोंदवून टाकू. पण एक नाव अडवलं तर पुढच्या प्रश्नाला एआय दुसरं काढणार, किती अडवणार? तरी रोज ऑफिसात आल्यावर पायपीआयवर ते नाव टाकून पाहायची सवय लागली आहे. आजही पाहिलं. असं पान नाही. ४०४.