चौथ्या शनिवारचा हिशोब

गुरुवार, रात्र

उद्या बँक सुटली की गोवा, पोकर खेळायला. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे आणि माझं अख्खं पोकर सध्या त्या चौथ्या शनिवारवर चाललंय. दुसरा शनिवार घरचा, तो मागायचाच नाही. मार्चएंडला विषयच काढायचा नाही, सप्टेंबरच्या सहामाहीलाही नाही, ऑडिट आलं की नाही, पोरीची परीक्षा असली की नाही. उरलेल्या महिन्यांत एकदा. कोल्हापुरातून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी, आणि रविवारी संध्याकाळी त्याच रस्त्याने परत, कारण सोमवारी सकाळी पोरीला शाळेत मीच सोडायचं ही बायकोची अट आहे. बाकी तिने कधी काही विचारलं नाही, किती जिंकलास किती हरलास काही नाही, फक्त म्हणाली होती, "जा तू, पण सोमवारी सकाळी मला तू जागा आणि ताजा पाहिजेस." मला ही अट लई पटली, कारण ती पाळायची तर रविवारी टेबलावरून उठायची वेळ आधीच ठरते, आणि पोकरमध्ये उठायची वेळ ठरवणं हे पत्ते वाचण्यापेक्षा अवघड काम आहे.

आज फाइल्स बऱ्यापैकी संपवल्या. दोन कॅश क्रेडिटची रिन्यूअल होती आणि एक नवीन फाउंड्रीवाल्याचं मशिनरी लोन. फाउंड्रीवाल्याचा स्टॉक बघून आलो परवा, शिरोलीला, माणूस चांगला वाटला, पण ऑर्डर बुक एकाच कंपनीवर अवलंबून आहे आणि तेच मी नोटमध्ये स्पष्ट लिहिलंय. मंजूर होईल बहुतेक.

शुक्रवार, गाडीत

आंबोलीच्या आधी नेटवर्क आहे तोवर लिहून घेतो.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी म्हणजे 2025 च्या ऑगस्टपर्यंत. जेवण झालं, पोरगी झोपली की लॅपटॉप उघडायचा, चार टेबलं लावायची, दहा ते बारा. ऑनलाइन चार टेबलांवर तासाला अडीचशे हँड, म्हणजे डाव, आरामात होतात, म्हणजे दोन तासात पाचशे. टेबलावर प्रत्यक्ष खेळताना डीलर पत्ते पिसणार, वाटणार, चिप्स मोजणार, कोणीतरी विचार करत बसणार, तासाला पंचवीस ते तीस हँड झाले तरी खूप. म्हणजे घरी एका रात्रीत जेवढं खेळून व्हायचं तेवढं आता अख्ख्या वीकेंडला पण होत नाही. मग संसदेत तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, त्यात पोकर पण गेलं. स्किल की चान्स हा वाद कायद्याने ठेवलाच नाही, पैसे लागतात ना, मग बंद.

मित्र लई चिडले. मला वाईट वाटलं, पोकर हा विचार करून खेळायचा खेळ आहे हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, पण मला चिडता आलं नाही आणि त्याचं कारण माझी नोकरी. लोनच्या फाइलला सहा महिन्यांचं, वर्षाचं बँक स्टेटमेंट लागतं आणि ते मी ओळ न ओळ वाचतो. त्यात गेमिंगच्या एंट्र्या ओळखू यायला लागल्या होत्या. रात्री सव्वाला पाचशे, दीडला पाचशे, पावणेदोनला हजार, मग दोन हजार, मग तीन वाजता कुठून तरी उसने घेतलेले क्रेडिट झालेले आणि लगेच ते पण डेबिट. पगार झाला की तीन दिवसांत खातं रिकामं. एक पोरगा समोर बसला होता, दुकानासाठी लोन पाहिजे म्हणून, स्टेटमेंटचं ते पान मी उलटत होतो तेव्हा त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि शेजारी वडील बसलेले, त्यांना काही माहीत नाही. मी त्या पानाबद्दल त्यांच्यासमोर एक शब्द बोललो नाही, नंतर त्याला एकट्याला बोलावून घेतलं. ते पोकर नव्हतं, दुसराच काहीतरी गेम होता, पण रात्रीचे दोन आणि खिशातला मोबाइल हे तर सारखंच ना. म्हणून मला कायद्याचा राग येत नाही. बंद झालं, ठीक आहे. महाराष्ट्रात घरी कोणाकडे पैसे लावून बसायचं नाही हेही माझं पक्कं आहे, इथे 1887 चा जुगारबंदी कायदा आहे आणि बँकेत काम करणाऱ्या माणसाने त्याच्या काठाकाठाने फिरू नये. गोव्यात कायद्याने चालतं, तिथे जाऊन खेळायचं.

माझं पोकरचं खातं वेगळं आहे, दुसऱ्या बँकेत, त्याला यूपीआय जोडलेलंच नाही. पगाराच्या खात्यातून तिकडे पैसे जात नाहीत, तिकडचे इकडे येऊ शकतात. वीस-पंचवीस बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायची रक्कम तितक्या पट, खात्यात असतील तर त्या लेव्हलला बसायचं, कमी झाले की खालच्या टेबलावर, इतकं साधं. नेटवर्क चाललं, बंद करतो.

रविवार, दुपार, पणजी

मांडवीच्या कट्ट्यावर बसलोय, गाडीला अजून वेळ आहे.

काल दुपारी कॅसिनोच्या बोटीवर गेलो ते रात्री एकपर्यंत, आज सकाळी थोडं. मधे नीट झोपलो, हे मुद्दाम लिहितोय, कारण टेबलावर दोन पोरं होती पुण्याची, आयटीतली, शुक्रवारी रात्रभर प्रवास, शनिवारी सकाळपासून बसलेले, आणि रात्री अकराला त्यातल्या एकाचा खेळ इतका बदलला की बघवत नव्हतं. दुपारी तो शांतपणे पत्ते टाकून देत होता, रात्री प्रत्येक हँडला आत. झोप गेली की आधी फोल्ड करायची, म्हणजे पत्ते टाकून द्यायची, ताकद जाते, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलंय.

एक हँड लिहून ठेवतो, कालपासून डोक्यातून जात नाहीये.

100/200 चा टेबल, म्हणजे पत्ते वाटायच्या आधीच दोघांना 100 आणि 200 मधे टाकावे लागतात. समोर एक काका, साठीचे असतील, मडगावचे वाटले बोलण्यावरून, फार कमी हँड खेळणारे. पहिल्याच जागेवरून त्यांनी रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून, 800 केले. मी बटनावर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर, माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची राणी. कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, बाकी सगळे गेले. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, 1900. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं, आला किलवरचा राजा, बदामची नव्वी, बदामची चौकी. त्यांनी 1200 लावले, मी कॉल, पॉट 4300. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, चौकटची दुर्री, काही कामाची नाही. काकांनी शांतपणे 4000 पुढे सरकवले आणि त्यांच्याकडे मागे राहिले 5000.

आता बघा. न दिसलेली पानं 46. त्यात बदाम 9, आणखी एक बदाम आला की माझे पाच बदाम, फ्लश. म्हणजे पुढच्या पानाला बदाम यायची शक्यता साडेएकोणीस टक्के. 4000 देऊन मी 8300 साठी झगडतोय, नुसतं तेवढंच धरलं तर 32 टक्क्यांच्या वर पाहिजे. बदाम आला आणि काकांचे उरलेले 5000 पण मिळाले असं धरलं तरी 23 टक्के लागतात. पुरत नाही. एक्का आला, माझी एक्क्यांची जोडी झाली तर? तीन एक्के शिल्लक, ते धरले तर 12 पानं, 26 टक्के, मग कॉल बसतो. पण काकांकडे एक्का-राजा असेल तर एक्का येऊन त्यांच्या दोन जोड्या होतात आणि मीच मरतो, आणि असा माणूस पहिल्या जागेवरून रेज करून राजाच्या फ्लॉपवर दोनदा लावतोय म्हटल्यावर त्याच्याकडे एक्का-राजा असायची शक्यता भरपूर. शिवाय बदाम आल्यावर हे काका उरलेले 5000 देतीलच असंही नाही, ते काही नवशिके नव्हते. मी बराच वेळ घेतला, कोणी घाई केली नाही, आणि फोल्ड केलं.

काकांनी पत्ते दाखवले नाहीत. पुढचं पान डीलरने दाखवलं नाही, दाखवायचं नसतंच. म्हणजे मला हे कधीच कळणार नाही.

आणि मला वाटतं नोकरी करून पोकर खेळणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी हेच पचवावं लागतं. वीकेंडला चौदा-पंधरा तास बसलो तर साधारण चारशे हँड होतात. एक्क्यांची जोडी 221 हँडला एकदा येते, म्हणजे अख्ख्या वीकेंडला सरासरी दोनदासुद्धा नाही. ती आली आणि समोरच्याकडे राजांची जोडी असली आणि सगळे पैसे आत गेले तरी पाचातून एकदा जवळपास हार ठरलेली. असा एक हँड इकडचा तिकडे झाला की वीकेंड प्लसचा मायनस होतो. ऑनलाइनवाले म्हणायचे, तू जिंकणारा प्लेयर आहेस की नाही हे कळायला लाखभर हँड तरी पाहिजेत. महिन्याला चारशे धरले तर लाख व्हायला वीस वर्षांच्या वर लागतील, एकही महिना न चुकवता. तोवर माझी पोरगी नोकरीला लागलेली असेल. म्हणजे निकालावरून मी चांगला खेळतो की वाईट हे मला कळणार नाही, कळू शकणारच नाही, मग महिन्याचा नफा-तोटा बघून आनंद किंवा दुःख करण्यात अर्थच नाही. उरतो तो निर्णय. त्या क्षणी जे दिसत होतं त्यावरून बरोबर केलं का, एवढंच तपासता येतं.

हे मला जड जात नाही कारण आठवडाभर मी तेच करतो. लोन मंजूर करताना पाच-सात वर्षांचं भविष्य कोणाला दिसतंय. चांगली फाइल एनपीए, म्हणजे थकीत, होते, जिच्याबद्दल मनात शंका होती तो माणूस एक हप्ता न चुकवता फेडतो. म्हणून बँकेत विचारतात ते हे की सँक्शनच्या दिवशी कागदावर काय होतं आणि तू नोटमध्ये काय लिहिलंस. मी पोकरची वही पण तशीच ठेवतो, हँड, पोझिशन, स्टॅक, समोरचा कसा खेळत होता, मी काय केलं, का केलं. शेवटी कोण जिंकलं ते लिहितच नाही.

सोमवार, रात्र

सकाळी शाळा, मग बँक. झोप चार-पाच तासांची झाली पण दिवस नीट गेला. फाउंड्रीवाल्याचं लोन मंजूर झालं, माझी एका कंपनीवर अवलंबून असल्याची नोट धरून एक अट वाढवून. बरं वाटलं.

दुपारी डब्याला सहकाऱ्याचा नेहमीचा प्रश्न, "कधी सोडतोस रे नोकरी, फुलटाइम खेळ की." त्याला मनीमेकरची गोष्ट माहीत आहे, 2003 ला अमेरिकेत पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मेन इव्हेंट ख्रिस मनीमेकर नावाच्या एका अकाउंटंटने जिंकली, 839 खेळाडूंत पहिला, 25 लाख डॉलर, आणि दहा हजार डॉलरची सीट त्याने ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे सीट जिंकायच्या छोट्या स्पर्धेतून, थोडक्या पैशांत मिळवलेली. सगळेजण ही गोष्ट नोकरी सोडण्याची म्हणून सांगतात. मला ती उलटी दिसते, तो जिंकला तेव्हा नोकरीत होता. ज्याचं घरभाडं त्या पॉटवर अवलंबून नाही तोच 4000 समोर आल्यावर शांतपणे 46 पानं मोजू शकतो. माझा हप्ता, पोरीची फी, आईची औषधं हे सगळं पगारातून जातं म्हणून मला काकांसमोर फोल्ड करता आलं. उद्या तेच पैसे चिप्समधून काढायचे म्हटले तर मी तो कॉल केला असता असं मला मनापासून वाटतं.

आणि सोडायचं म्हटलं तर पैशांचं गणितही बसत नाही. जिंकलेल्यावर 30 टक्के टॅक्स वर सेस, पत्त्यांत हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत, प्रवासखर्च, हॉटेल काही वजा होत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी पण 28 चा 40 टक्के झालाय. टेबलावर रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जातो तो वेगळाच. एवढं सगळं पार करून घर चालवणारे लोक आहेत, माझ्या मनात त्यांच्याबद्दल खरंच आदर आहे, पण ते रोज बारा तास तेच करतात, आणि मला शिरोलीला जाऊन भट्टी बघायला पण आवडतं.

आईला अजून हे पत्ते कुटणंच वाटतं. तिच्या माहेरी कोणीतरी जुगारात जमीन घालवली होती, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे तिच्याशी वाद घालत नाही. वही मात्र तिच्यासमोर उघडी असते, लपवून काही नाही.

मंगळवार

इचलकरंजीच्या मित्राला फोनवर तो हँड सांगितला. तो म्हणतो कॉल होता, एक्का-राजा मी उगाच जास्त धरतोय, काकांकडे राजा-राणी, राजा-गुलाम पण असू शकतात, नव्व्यांची जोडी पण. म्हटलं नव्व्या असतील तर त्यांचा सेट, म्हणजे तीन नव्व्या, झालेला, मग एक्का येऊन काय उपयोग, आणि राजा-गुलाम पहिल्या जागेवरून हे काका रेज करणार नाहीत, मी त्यांच्यासमोर सात तास बसलोय. पाऊण तास झाला तरी मिटेना. शेवटी त्याने काकांच्या सगळ्या शक्य हँडची यादी करून पाठवतो म्हणून सांगितलं, मी पण माझी करतोय, किती एक्का-राजा, किती सेट, कशाला किती वजन. बुधवारी वसुलीला बाहेरगावी जायचंय, गाडीत वेळ मिळेल.