तुम्ही विचारलंत म्हणून: अक्कूब आणि त्याचे काटे

रानभाज्यांवर लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो: पॅलेस्टाइनमधली माणसं काटेरी झुडूप खातात म्हणे, ती का? दुसरं काही मिळत नाही म्हणून?

नाही हो, आवडतं म्हणून! अक्कूब ही तिथल्या डोंगरउतारांवरची वसंतातली भाजी. वेस्ट बँकेतल्या नाब्लुस शहराकडे तर तिचं भारी कौतुक. थंडीतला पाऊस सरत आला की दगडधोंड्यांतून तिचे कोंब वर येतात. चव आर्टिचोकच्या, म्हणजे कळी खातात त्या परदेशी भाजीच्या, जवळची. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली.

खरं काम काट्यांचं. पानांच्या कडांना सगळीकडे काटेच काटे. जाड हातमोजे घालायचे, एकेक कोंब धरून सुरीनं किंवा कात्रीनं काटेरी पानं छाटायची, मग देठावर राहिलेली कुसं खरवडून काढायची. घाई केली तर कूस बोटात तरी जाते, नाहीतर जेवणाऱ्याच्या तोंडात. ढीगभर कोंब साफ करावेत तेव्हा कुठे पातेलंभर भाजी होते. म्हणून चारजणी मिळून बसतात, आणि हंगामात साफ करून ठेवलेला अक्कूब फ्रीझरमध्ये पुढे कितीतरी महिने पुरवतात.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे ऑलिव्ह तेलात कांद्याबरोबर परतायचा आणि वरून लिंबू पिळायचं. कुणी त्यावर अंडी फोडतात. पाहुणे असले की मटणाबरोबर दह्याच्या रश्शात शिजतो. इराणात हीच वनस्पती ‘कंगर’ म्हणून दह्यात कालवतात. तुर्कस्तानात तिच्या बिया भाजून कॉफीसारखं पेय करतात आणि चिकाचा डिंक चघळतात.

२००५ मध्ये इस्रायलनं अक्कूब संरक्षित वनस्पतींत घातला. खुडणाऱ्यांना दंड झाले, खटले झाले. पुढे घरापुरता खुडायची मुभा मिळाली. झाडं जपायलाच हवीत, पण पिढ्यान् पिढ्या खुडणाऱ्यांना चोर ठरवणं मला पटत नाही. जाणती माणसं कोंब कापतात, मुळाला हात लावत नाहीत. मूळ राहिलं की पुढच्या वर्षी फुटवा येतो. काही झाडं बियांसाठी तशीच सोडतात. उन्हाळ्यात ती वाळून बुंध्याशी तुटतात आणि वाऱ्यावर गडगडत जाताना बी पेरत जातात.

बाजारात साफ केलेला अक्कूब काट्यांसकट मिळणाऱ्यापेक्षा बराच महाग असतो. तो वरचा पैसा त्या बायकांच्या बोटांचा आहे, आणि तो द्यायला लोक का-कू करत नाहीत.