सीडर पेटतं तेव्हा

ठरवून आग लावणाऱ्या तुकडीत नव्या माणसाला टॉर्च (गवतावर जळतं तेल ठिबकवणारा नळीचा डबा) हवी असते. मिळतो पाठीवरचा पाण्याचा पंप. आपल्या फवारणीच्या पंपासारखाच, फक्त आत 5 गॅलन, म्हणजे 19 लिटर पाणी. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या उंच गवताच्या प्रेअरीवर, म्हणजे माळरानावर, मी हे काम शिकत होतो. वर्ग आणि चालण्याची कसोटी (25 पौंड पाठीवर घेऊन 30 मिनिटांत 2 मैल, धावायचं नाही) आधीच उरकली होती. अंगात पॉलिएस्टर नको, अगदी आतल्या कपड्यांतही. ते वितळून कातडीला चिकटतं.

टॉर्चमध्ये 3 भाग डिझेल, 1 भाग पेट्रोल. पेट्रोल वाढलं तर नुसता भडका उडतो, जळता थेंब गवतावर टिकत नाही. डिझेल वाढलं तर पेट घ्यायलाच रडवतं. नळी बसवताना रिंगमधला वायसर बघायचा, नाहीतर तेल झिरपून हातमोज्यावर येतं. आणि हवेचा स्क्रू बंद राहिला तर धार आटते.

त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, ताशी 8 ते 10 मैल, आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास. जाळायच्या माळाभोवती आग अडवायला आखलेल्या जाळरेषेवरचं कापलेलं गवत मातीपर्यंत ओढून काढलेलं होतं. ते तिथंच राहिलं तर आग त्यातून सरपटत पलीकडे जाते. पूर्वेच्या कडेला छोटी चाचणी आग लावून धूर बघितला आणि तिथूनच दोन टोळ्या उत्तर-दक्षिण निघाल्या. ही आग वाऱ्याविरुद्ध रांगते. कंटाळवाणी, पण पुढची मोठी आग अडवणारा काळा पट्टा तीच तयार करते.

दक्षिणेची टोळी कोपरा वळून पश्चिमेकडे निघाली आणि वारा वायव्येला फिरला. दक्षिणेचा पट्टा अजून जेमतेम काही फुटांचा, आणि आता वारा नेमका त्याच्यावर. बर्न बॉसने, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाने, वायरलेसवर दोन्ही टॉर्च थांबवल्या. तेवढ्यात रेषेलगतचं रेड सीडरचं एक सूचिपर्णी झाड खालच्या फांद्यांपासून शेंड्यापर्यंत धडाडून पेटलं आणि ठिणग्या रेषेपलीकडच्या वाळक्या गवतात पडल्या.

आग टेबलाएवढी झाली असेल. दोघंच धावले. एकाने ज्वाळेवर नव्हे, तिच्या बुडाशी पाणी मारलं. दुसऱ्याने रबरी फ्लॅपर (लांब दांड्याचा आग विझवायचा झोडपा) दाबून धरला. आपटला तर निखारे उडतात. आम्हा बाकीच्यांना हुकूम होता: आगीकडे पाठ, नजर न जळालेल्या गवतावर. हे फार अवघड जातं, पण पुढची ठिणगी शोधणार कोण?

मग टोळीने रेषेच्या कडेकडेने पट्टे जाळत काळा भाग चांगला रुंद केला. त्यानंतर पश्चिमेकडून लावलेली मुख्य आग काही मिनिटांत सगळं खाऊन गेली. गवताचे कोंब जमिनीखाली असतात, ते वाचतात. जळालेलं सीडर पुन्हा फुटत नाही, आणि आग लावायचं एक कारण तेच. पण रेषेलगतची सीडर आधी कापायलाच हवी होती. संध्याकाळभर एक वाळका ओंडका धुमसत राहिला: कुऱ्हाडीने फोडायचा, पाणी ओतायचं, हातमोजा काढून तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का बघायचं, पुन्हा फोडायचा.