खोलीतला दुसरा माणूस

रविवार, रात्री उशिरा

ऑफिसातून ताकीदीचं पत्र आम्हा दोघांनाही आलं, मला आणि माझ्या केबिनमधल्या जोडीदाराला. केलं त्याने, मी फक्त तिथे होते. मजकूर तोच, वरचं नाव तेवढं वेगळं. त्याने ते वाचलं, हसला आणि ड्रॉवरमध्ये टाकून चहाला गेला. मी शुक्रवारपासून तेच घेऊन बसलेय. "तुम्ही तिथेच होतात ना, मग अडवलं का नाहीत?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता रात्री उशीवर डोकं टेकलं की एकाहून एक सरस उत्तरं सुचतात. मंजिरी म्हणते, सोडून दे. तिचं बरं आहे. तिची केबिन वेगळी आहे.

काल असंच कूस बदलत पडले होते आणि एकदम सुभाष गुप्ते आठवला, भारताचा जुना लेगस्पिन गोलंदाज.

बाबा त्याला नुसतं 'सुभाष' म्हणायचे, जसा काही आमच्याच चाळीत वाढलेला. पिशवीतलं मोसंबं उचलून ते आम्हाला लेगस्पिन शिकवायचे. पहिली दोन बोटं वर पसरलेली, अनामिका शिवणीपाशी दुमडलेली (मोसंब्याला कुठली शिवण, पण आम्ही मान डोलवायचो), मग मनगटाचा झटका, की चेंडू टप्पा पडून उजव्या फलंदाजापासून बाहेर वळायचा. मनगट अजून वळलं, हाताची मागची बाजू समोरच्याकडे आली, की तोच चेंडू उलटा आत यायचा. ती गुगली. आणि सुभाषकडे म्हणे तसल्या दोन होत्या. मोसंबं बहुतेक वेळा सोफ्याखाली जायचं आणि आई आतून ओरडायची.

बाबांची ठरलेली गोष्ट १९५८च्या कानपूरची. समोर वेस्ट इंडीज, त्यात सोबर्स, कन्हाय असले फलंदाज. पहिल्या डावात सुभाषने १०२ धावांत ९ जणांना गुंडाळलं. उरलेला एक लान्स गिब्ज, त्याचा झेल सुभाषच्याच चेंडूवर यष्टिरक्षक नरेन ताम्हाणेकडून सुटला आणि पुढे तो बळी आपल्या दुसऱ्या गोलंदाजाला, रांजण्यांना मिळाला. नाहीतर दहाच्या दहा! वेस्ट इंडीज २२२, मग आपणही बरोबर २२२, आणि शेवटी सामना हरलोच. बाबा हरल्याचं सांगायचेच नाहीत. मला ते फार नंतर कळलं. सोबर्स मात्र म्हातारपणीही सांगत राहिला की लेगस्पिनर पाहावा तर गुप्ते, ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नपेक्षाही वरचा. हे तो वेस्ट इंडीजमधला माणूस म्हणतोय. इथल्यांनी काय केलं?

डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ आलेला. कानपूरला सुभाषने पहिल्या डावात ५ बळी घेतले, इंग्लंडवर आपल्याविरुद्ध पहिल्यांदाच फॉलोऑनची, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरायची पाळी आली. मग दिल्ली. हॉटेल इम्पीरियल. खोलीत जोडीदार संघातलाच कृपालसिंग. त्याने रिसेप्शनवरच्या मुलीला फोन करून ड्रिंकसाठी विचारलं, तिने तक्रार केली. फोन खोलीतून गेला आणि खोली दोघांची होती. क्रिकेट बोर्डाने दोघांनाही संघाबाहेर बसवलं. सुभाषलाही हेच विचारलं, तू त्याला अडवलं का नाहीस? आणि त्याने सांगितलं, एवढा मोठा धिप्पाड गडी, मी त्याला कसा अडवणार?

हे आठवून मी अंधारात खुदकन हसले. किती दिवसांनी. मला हे का सुचलं नाही? माझ्या शेजारचा तर पाच फूट तीन इंच आहे, पण त्याच्या आवाजाला कोण अडवणार.

हसू ओसरलं आणि पुन्हा तेच. तिथे होतो एवढाच गुन्हा. खोली मागून घेतलेली नसते, जोडीदार मागून घेतलेला नसतो. आणि ज्याने केलं तो निवांत असतो. सुभाषचं त्यानंतर काय झालं ते पाहा. संघ पुढे कलकत्ता आणि मद्रास जिंकला, इंग्लंडविरुद्ध आपली पहिली मालिका जिंकली, आणि हा त्यात नाही. १९६२च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरही नेलं नाही. म्हणजे त्याच्या सासुरवाडीला! बायको त्रिनिदादची, १९५३च्या दौऱ्यात भेटलेली. त्या दौऱ्यात पाच कसोटींत २७ बळी घेतले होते, लोक लाडाने 'फर्गी' म्हणायचे, त्यांच्या फर्ग्युसन नावाच्या लेगस्पिनरवरून. आपला संघ तिथे त्याच्याशिवाय गेला आणि पाचही कसोटी हरून आला. (हे लिहिताना मला जरा जास्तच बरं वाटतंय. असो.)

३६ कसोटी, १४९ बळी, वय ३२. त्या वयात लेगस्पिनरचा हात कुठे खरा बसायला लागतो. पुन्हा कधीच खेळला नाही भारताकडून. त्रिनिदादला जाऊन राहिला तो कायमचा, २००२ साली गेला तोही तिथेच. बाबांनी त्या दिवशी पेपरातली बातमी कापून ठेवली. बोलले काहीच नाहीत, आणि बाबांचं ते न बोलणं... जाऊ दे, त्यावर आज नको.

आता माझं. माझे बळी किती? एकही नाही. माझ्या खात्यावर एक पत्र आहे, त्यातही 'भविष्यात काळजी घ्यावी' एवढंच. करिअर बुडायला आधी करिअर लागतं, असं मंजिरी म्हणालीच असती, मी तिला संधी दिली नाही. सोबर्स माझ्याबद्दल काही बोलणार नाही. साहेबही पुढच्या महिन्यापर्यंत विसरतील, त्यांना तर माझं आडनावही धड आठवत नाही.

राग गेलेला नाही. शेजारच्यावर थोडा, साहेबांवर बराच. पण उत्तर दोन ओळींचंच देणार आहे, त्यात 'मला माहीत नव्हतं' असं काही लिहिणार नाही, कारण माहीत होतं, फक्त केलेलं माझं नव्हतं. आणि त्रिनिदादचं तिकीट परवडत नसल्यामुळे उद्या त्याच केबिनमध्ये जायचं आहे. टेबल तेवढं खिडकीकडे ओढून घेईन. शिपायाला आधी सांगून ठेवायला हवं, एकटीने सरकत नाही ते.