कोरी पाटी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे

निपाणीचा एक तरुण जुनी सॅन स्टॉर्म ही छोटी, उघड्या छताची गाडी घ्यायला निघाला होता. गाडी गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला आली आणि उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपच्या रॅम्पवर चढली. तपासणीचं काम माझ्याकडे होतं. तो म्हणाला, “मामा, ह्या मॉडेलच्या गाडीत आजवर एकबी माणूस दगावलेला नाही म्हणतात. तेवढं रिपोर्टात घाला, घरचे तयार होतील.”

ते वाक्य रिपोर्टात घालता येणार नव्हतं. खरं असलं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सॅन स्टॉर्म नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागली. दोन सीटा, उघडणारं छत, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती. बनल्या थोड्याच. समजा, अशा २०० गाड्या आहेत, प्रत्येक वर्षाला ३,००० किमी चालते आणि वीस वर्षं चालली. सगळ्यांचा मिळून प्रवास १ कोटी २० लाख किमी. अमेरिकेत २०२२ साली साधारण १२ कोटी किमीमागे एक माणूस रस्त्यावर दगावला. त्या दराने आपल्या २०० गाड्यांत वीस वर्षांत ०.१ मृत्यू अपेक्षित. म्हणजे गाडी चारचौघींसारखी असती तरी पाटी कोरीच दिसली असती. सरासरीच्या दहापट धोकादायक असती, तरी शंभरातून सदतीस वेळा शून्यच आलं असतं. आणि एखादा जरी दगावला असता तर तीच गाडी कागदावर दहापट वाईट ठरली असती. तोही अन्यायच.

अमेरिकेतली आयआयएचएस ही संस्था मॉडेलनिहाय मृत्युदर काढते, तेव्हा किमान १ लाख वाहन-वर्षं (एक गाडी एक वर्ष रस्त्यावर म्हणजे एक वाहन-वर्ष) किंवा २० मृत्यू असल्याशिवाय मॉडेल यादीतच घेत नाही. आपल्या २०० गाड्यांची वीस वर्षं म्हणजे जेमतेम ४,०००. शिवाय अशी गाडी रविवारी सकाळी, कोरड्या रस्त्यावर, जपून बाहेर निघते. पावसातल्या वंटमुरी घाटात रात्री अकराला ती कुणी काढत नाही. त्या कोऱ्या पाटीवर गाडीपेक्षा चालवणाऱ्याचाच हात जास्त असतो. गाडी मुद्दाम आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे आपल्याकडच्या मॉडेल्सचे पहिले निकाल २०१४ साली आले, तशाच चाचण्यांचं भारत एनकॅप तर २०२३ मध्ये सुरू झालं. इतक्या जुन्या गाडीसाठी तिथे काही सापडणार नाही. तेव्हा गाडीच उघडून बघायची.

फायबरग्लासला पोचा येत नाही, त्यामुळे मार लपतो. चाकाच्या कमानीपाशी, बिजागरीपाशी रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत का बघायच्या आणि नाण्याने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर थर जुळलेले. बद्द आला तर आतून सुटलेले. मग सांगाडा. पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टपासून समोरच्या कोपऱ्यातल्या मागच्या बोल्टपर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. इथे फरक २ मिमी निघाला, म्हणजे सांगाडा सरळ. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे २३११. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. रबर वाळून बाजूला चिरलेलं. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हद्द १५५ पर्यंत घसरते. चोर्ल्याच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर ऑइलला वाफ धरते आणि पेडल सरळ खाली जातं.

खरा धक्का सीटांच्या मागे होता. मधल्या कुठल्यातरी गॅरेजने चकचकीत क्रोमचा रोल हूप, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान, बसवलेला, आणि विकणारा तोच हूप दाखवून गाडी सुरक्षित म्हणत होता. आधी काठी लावली: काचेच्या फ्रेमपासून हूपच्या माथ्यापर्यंत सरळ काठी ठेवायची, बसलेल्याचं डोकं तिच्या किमान ५ सेमी खाली हवं. या तरुणाचे केस काठीला टेकत होते. मग पाइप मोजला. बाहेरून ३८ मिमी, पण जाडी १.२. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक मोटार संघटनेचा नियम मुख्य हूपला ४५ मिमीचा, २.५ जाडीचा सीमलेस पाइप मागतो, किंवा ५० मिमीचा २ जाडीचा. बॉडीला जोडताना प्रत्येक पायाखाली १२० चौरस सेमीची, ३ मिमी जाड पट्टी आणि किमान तीन एम-८ बोल्ट. खालून हात घातला तर पट्टी नव्हतीच. एका पायाला दोन बोल्ट, रुपयाएवढे वायसर, तेही थेट फायबरच्या पत्र्यात. सांगाड्याला कुठेच जोड नाही. गाडी उलटली तर हूप फायबर फाडून आत, पाठीवर येणार.

उघड्या गाडीला मधला खांब नसतो, म्हणून बेल्टची वरची टोकं मागच्या बाजूला कुठे धरली आहेत तेही बघावं लागतं. ती सांगाड्यावर पक्की होती. बेल्ट झटक्याने अडकत होते, पट्टीची कड विसविशीत नव्हती. तेवढी एक बाजू बरी.

रिपोर्टात ‘सुरक्षेचा इतिहास’ या रकान्यात लिहिलं: “निष्कर्ष काढण्याइतका प्रवास झालेला नाही.” खाली कामं: चारही टायर, ब्रेक ऑइल आणि होजपाइप बदलणे, हूप काढून टाकणे, नवा बसवायचा तर पाय सांगाड्यापर्यंत नेणे आणि माप त्याच्या बसलेल्या उंचीवरून घेणे, तोवर घाटात नेऊ नये.

हूप मालकाला विचारून त्याच दुपारी सोडवला. डाव्या पायाच्या बोल्टाखालचं फायबर चिमटीत धरून सोललं गेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तो तरुण ते तुकडे रुमालात बांधून घरच्यांना दाखवायला घेऊन गेला.