मॉरिशसचं रान आणि आपल्याकडून गेलेले प्राणी

मॉरिशसच्या विमानतळाबाहेर पडल्यावर पहिली भेटते ती साळुंकी. तारेवर शिपाई बुलबुल, उसाच्या कडेला होले, माडावर गळ्यात कंठी असलेला आपला पोपट, आणि नशीब असेल तर रस्ता ओलांडून पळणारं मुंगूस. दुर्बीण बाहेर काढायचीही गरज वाटत नाही. पण यातला एकही जीव मूळचा इथला नाही. साळुंकी १७६२ च्या सुमारास टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून आणली गेली. पोपट आणि बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोचले. मुंगूस १९०० च्या आसपास आलं, कारण प्लेगमुळे उंदीर मारायचे होते. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, हा हिशेब कुणी केला नाही. मुंगसाने उंदीर सोडून पक्षी खाल्ले.

हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. वटवाघळं सोडली तर इथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. कोणी अंडी खाईल ही भीतीच इथल्या पक्ष्यांना माहीत नव्हती. डच १५९८ मध्ये उतरले आणि त्या काळच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली. १६३९ मध्ये जावाहून सांबराच्या जातीचं हरीणही आणलं. डोडोची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. खलाशांनी डोडो खाऊन संपवला ही अर्धीच गोष्ट आहे. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी डुकरं आणि माकडं फस्त करत राहिली, हे जास्त महाग पडलं. पुढे जंगल तोडून ऊस लावला. आज बऱ्या अवस्थेतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. त्यामुळे नुसतं फिरताना मूळचं मॉरिशस दिसत नाही, ते मुद्दाम शोधत जावं लागतं.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे इल ओ एग्रेत हे किनाऱ्यालगतचं छोटं बेट. विमानतळापासून जवळच माहेबूर गाव आहे, तिथून पुढे प्वँत जेरोमच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि काही मिनिटांत पलीकडे. बेट फक्त २६ हेक्टरचं, किनाऱ्यापासून किलोमीटरभरही लांब नाही. एकट्याने हिंडता येत नाही. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचा गाइड बरोबर असतो आणि फेरी साधारण दीड-दोन तासांची असते. जागा आधी ठरवून जावं, सकाळची फेरी घ्यावी; दुपारी पक्षी सावलीत बसतात आणि आपल्यालाही तेच करावंसं वाटतं. चप्पल घालून जाऊ नये. जमीन प्रवाळाच्या चुनखडीची आहे आणि खडक पात्यासारखे धारदार. गोडं पाणी बेटावर नाही, बाटली घरूनच भरून न्यायची. डास भरपूर आहेत.

फेरी सुरू होण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि पिशव्या स्वतःहून झटकून घ्याव्यात. वेल्क्रोच्या पट्ट्यांत, मोज्यांच्या विणीत आणि पँटच्या दुमडलेल्या कडेत गवताचं बी अडकून येतं. इथे एक तण रुजलं तर ते हाताने उपटायला माणसं लावावी लागतात आणि तेही दरवर्षी.

दुसऱ्या महायुद्धात या बेटावर इंग्रजांच्या तोफा होत्या, त्यांची काँक्रीटची बांधकामं अजून उभी आहेत. लाकडासाठी आबनुसाची तोड १९८० च्या दशकापर्यंत चालली. १९६५ मध्ये बेट राखीव झालं होतं, पण कागदावरचं राखीव आणि राखलेलं यात वीस वर्षांचं अंतर पडलं. मग उंदीर आणि मांजरं काढली, परकी झुडपं मुळापासून काढली आणि रोपवाटिकेत वाढवलेली इथलीच झाडं लावली. आता समोर दिसतो तो आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड, पण वाढायला इतका सावकाश की मनगटाएवढ्या खोडाचं वयही सहज चुकतं.

या आबनुसाचं फळ मोठं असतं आणि थेट खोडालगत लगडतं. पिकून खाली पडलं की झाडाखालीच कुजायचं, कारण ते खाऊन बी दूर नेणारा प्राणीच उरला नव्हता. मॉरिशसची दोन्ही जातींची मोठी कासवं जहाजांच्या भटारखान्यात संपली. म्हणून २००० साली सेशेल्समधल्या अल्डाब्राची महाकाय कासवं इथे सोडली. जात वेगळी, काम तेच. कासव फळ खातं, बी पोटातून बाहेर येतं आणि असं बी साध्या बीपेक्षा चांगलं रुजतं, हे मोजून दाखवलेलं आहे. आता पूर्वी आबनूस जिथून नाहीसा झाला होता तिथेही त्याची रोपं उगवलेली दिसतात. परक्या प्राण्यांना हाकलताना दुसऱ्या देशातलं कासव आणायचं, यावर बरेच वाद झाले. मला हा निर्णय पटतो, मुख्यतः एका कारणासाठी: कासव चुकीचं निघालं तर उचलून परत नेता येतं. मुंगसाच्या बाबतीत ही सोय नाही.

चिचुंद्रीच्या बाबतीतही नाही. उंदीर संपले तरी आपल्याकडच्या घराघरातली चिचुंद्री या बेटावर राहिली. पिंजरे लावून ती पूर्ण काढायचा प्रयत्न १९९९ च्या सुमारास झाला आणि फसला. अशा मोहिमेत शेवटच्या चार-दोन माद्या निसटल्या की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चिचुंद्री पाली आणि सापसुरळ्यांची पिल्लं खाते, त्यामुळे छोट्या सरपटणाऱ्यांना इथे परत आणणं अडतं. टेलफेअर सापसुरळी मात्र अंगाने दणकट. ती उत्तरेकडच्या राउंड आयलंडवरून २००६-०७ मध्ये इथे आणली आणि टिकली. गाइडच्या पायाशी ती बिनधास्त येते. तिला बिस्किटाचा तुकडा टाकण्याचा मोह आवरावा.

गुलाबी कबूतर इथे हमखास दिसतं. अंग फिकट गुलाबी, शेपूट तांबूस, आणि पायात रंगीत कडी. ही कडी नीट बघावीत. एका पायात क्रमांकाची धातूची कडी आणि सोबत रंगांची ठरावीक जुळणी असते, म्हणजे प्रत्येक पक्षी दुर्बिणीतून नावानिशी ओळखता येतो. १९९०-९१ मध्ये रानात जेमतेम दहा उरले होते, आता पाचशेच्या आसपास आहेत. पण हे पाचशे आपल्या बळावर उभे नाहीत. त्यांना मंचावर गहू आणि भरडलेला मका दिला जातो, घरट्यांच्या आसपास उंदीर आणि मांजरं यांच्यासाठी सापळे लावले जातात. दाण्यावर परके होलेही जमतात आणि त्यांच्या घशातला ट्रायकोमोनास हा परजीवी पाण्यातून आणि दाण्यातून कबुतरांना लागतो. पिल्लाचा घसा आतून बंद होतो आणि ते उपाशी मरतं. दाणा दिला नाही तर पक्षी कमी होतात, दिला तर रोग पसरायची भीती. उपाय नेहमीचाच: भांडी धुवायची, पाणी बदलायचं, होले पोचणार नाहीत अशी मांडणी करायची, आणि हे रोज. शिवाय सगळे मोजक्या पूर्वजांची संतती असल्यामुळे रक्ताच्या नात्यातली वीण होते. ते सावरण्यासाठी परदेशी प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या वंशातले पक्षी आणून मिसळावे लागतात.

ऑलिव्ह रंगाचा चष्मेवाला पक्षीही इथेच शोधावा. आपल्या पिवळ्या चष्मेवाल्याचा भाऊबंद, पण साऱ्या जगात अवघ्या काही शे इतकाच. त्याला मधुरसाची वाटी टांगलेली असते. तिच्याजवळ गाइड सांगेल तिथे गुपचूप उभं राहणं हा एकच मार्ग.

२०२० मध्ये हे सगळं जायची वेळ आली होती. २५ जुलैला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळावर चढलं, ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं आणि सुमारे हजार टन खाडीत पसरलं. लोकांनी उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून, लांबच लांब तरंगते बांध केले आणि पाण्यात सोडले. बेटावरची दुर्मीळ रोपं आणि काही पक्षी मुख्य बेटावर हलवले, आसपासच्या बेटांवरच्या पाली आणि सापसुरळ्या थेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या प्राणिसंग्रहालयात पाठवल्या. एकच जागा आणि तीही सुरक्षित, असं काही नसतं हे त्या पंधरवड्यात कळलं. एकाच जातीची दोन-तीन ठिकाणी वस्ती ठेवण्याचा खटाटोप त्यासाठीच असतो.

मुख्य बेटावर जायचं ते ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात. १९९४ मध्ये घोषित झालेलं, साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं मोठं. वरचं प्रवेशद्वार पेत्रँला, खालचं ब्लॅक रिव्हरच्या बाजूला. पेत्रँहून माकाबेमार्गे खाली उतरणारी साधारण दहा किलोमीटरची वाट निवडावी आणि वरून खालीच जावं. मधला उतार तीव्र आहे, पावसात निसरडा होतो. खाली पोचल्यावर परत वर नेणारी गाडी आधी ठरवलेली हवी, कारण गाडीरस्ता डोंगराला मोठा वळसा घालून जातो. पठारावर किनाऱ्यापेक्षा बरीच थंडी आणि जवळजवळ रोजचा पाऊस, तेव्हा रेनकोट हवाच.

वाटेत दुतर्फा हिरवंगार दिसतं आणि बहुतेकांचे फोटो तिथेच काढून होतात. ते हिरवं बरंचसं चिनी पेरूचं असतं. मूळ ब्राझीलचं झुडूप, गुळगुळीत खोड, बोराएवढं लाल फळ. मोसमात लोक उद्यानातल्या प्लेन शांपान्य पठाराच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करून पिशव्या भरतात आणि मीठ-मिरची लावून खातात. चव खरोखर छान आहे, आणि तिथेच गोची आहे. माकडं, डुकरं आणि आपले बुलबुल हेच फळ खाऊन बी रानभर टाकतात. पेरूची दाटी इतकी होते की खाली मूळ झाडाचं एकही रोप धरत नाही. जुनी झाडं उभी असतात, पण त्यांची पुढची पिढी नसते, म्हणजे जंगल दिसतं पण पुढे चालत नाही.

उद्यानात काही तुकडे कुंपण घालून वेगळे केलेत. कुंपण हरीण आणि डुकरांसाठी. आतला पेरू नुसता कापून भागत नाही. बुंध्यातून दहा फुटवे येतात. बारीक रोप मुळासकट उपटायचं, जाड खोड जमिनीलगत कापून चिरेवर लगेच तणनाशक लावायचं. उशीर झाला तर चीर सुकते आणि औषध आत जात नाही. एकदम सगळी दाटी काढली की उन्हाने दुसरंच तण माजतं, म्हणून पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते. पैसा संपला आणि दोन-तीन वर्षं फेरी चुकली की तुकडा परत पेरूचा. कुंपणाच्या आत आणि बाहेर एका जागी उभं राहून बघावं. आत पायाशी दहा तऱ्हेची रोपं, बाहेर एकच.

खोऱ्यात आकाशाकडेही लक्ष ठेवावं. मॉरिशसचा ससाणा, म्हणजे केस्ट्रेल, हा छोटा आणि आखूड गोल पंखांचा. उघड्या माळावर घिरट्या घालण्यापेक्षा झाडांतून वळत पाली पकडणारा. १९७४ मध्ये रानात फक्त चार माहीत होते. मलेरिया आणि किडींसाठी फवारलेलं डीडीटी अंगात साठून अंड्यांची कवचं पातळ झाली होती, त्यात जंगल गेलं आणि माकडं, मुंगसं घरट्यांपर्यंत पोचली. वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स १९७९ मध्ये इथे आले. त्यांनी जोडीची पहिली अंडी काढून घेतली. मादी काही दिवसांत पुन्हा घालते, तिला तोवर पांढरे उंदीर खाऊ घालायचे. काढलेली अंडी उबवणी यंत्रात, पिल्लं हातावर वाढवलेली, आणि उडण्याच्या आधीच झाडावर किंवा कड्यावर ठेवलेल्या पेटीत नेऊन ठेवायची. पेटी उघडल्यावरही शिकार जमेपर्यंत तिथेच खाणं द्यायचं. ते लवकर बंद केलं तर पिल्लू उपाशी मरतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशेहून अधिक सोडले. यशाची ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण २०१४ मध्ये हा पक्षी पुन्हा संकटग्रस्तांच्या यादीत वर सरकला. पूर्वेचा बांबू डोंगर आणि हे खोरं, अशा दोन तुटक वस्त्या आहेत आणि त्यांच्यामध्ये ऊस.

पेत्रँपासून गंगा तलाव जवळ आहे. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक चालत येतात, आपल्याकडून जाणारे पर्यटकही दर्शनाला थांबतात. तिथल्या माकडांना प्रसादाची केळी देऊ नयेत. भरल्या पोटाची माकडं वाढतात आणि शेजारच्या जंगलातली अंडी खातात.

परत येताना लिचीचा हंगाम असेल तर फळबागांत जाळी घातलेली झाडं दिसतील. ती फळं खाणाऱ्या इथल्या वटवाघळांसाठी असते आणि त्यांच्यावरून इथे मोठा वाद आहे. २०१५ मध्ये सरकारने सुमारे तीस हजार मारली, २०१८ मध्ये ही जात संकटग्रस्त ठरली. मूळच्या प्राण्यांपैकी मोठ्या बियांच्या झाडांचं बी नेणारं हे वटवाघूळ एवढंच उरलंय. झाड छाटून बुटकं ठेवलं तर जाळी बसते, अंगणातल्या उंच जुन्या झाडावर बसत नाही आणि तक्रारी तिथूनच येतात.

सामानात ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नयेत. हापूसची पेटीसुद्धा परवान्याशिवाय चालत नाही. पक्ष्यांसाठी सप्टेंबर ते डिसेंबर बरा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. इशारा तिसऱ्या वर्गाला पोचला की बस, दुकानं, बोटी सगळं बंद होतं आणि खोलीतच बसावं लागतं.