तुम्ही विचारलंत म्हणून: लेबलात एवढे डॉलर कशाला?

पायथनमध्ये कोड लिहून आलेख काढताना कुणी मागून डोकावलं की प्रश्न ठरलेला. "लेबलात हे डॉलर नि बॅकस्लॅश कशाला? चित्र काढा, घात वरून टेक्स्टबॉक्समध्ये टाका, झालं." तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून लिहितो. दोन डॉलरच्या मध्ये लिहिलेलं गणितासारखं उमटतं: घात वर चढतो, आणि बॅकस्लॅश-एमयू लिहिलं की म्यू हे ग्रीक अक्षर येतं.

मीही पूर्वी हेच म्हणायचो. मायक्रोच्या म्यूच्या जागी रोमन यू ठोकायचो आणि वर विचारायचो, "कळतंय ना?" त्या माणसाला आजही पुरतं खोडून काढता येत नाही. बहुतेकांना कळतंच.

मग ते पोस्टर. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधलं आलेख काढायचं साधन, फार लहान आकड्यांतून एक गुणक बाहेर काढून अक्षाच्या टोकाला लिहितं, तोही '१ई−९' (१०चा उणे ९वा घात) असा रुक्ष. आमच्या सहकाऱ्याला तो खुपला. त्याने सजावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर पांढरा टेक्स्टबॉक्स ठेवला आणि १०च्या डोक्यावर उणे ९ लिहिलं. देखणं लिहिलं, खोटं कशाला बोलू. छपाईच्या तोंडावर एककांची दुरुस्ती झाली, आकडे हजारपट वाढले. नवं चित्र जुन्याच चौकटीत सरकवलं गेलं. त्यावर '१ई−६' बिनचूक छापलेलं होतं, पण त्या पांढऱ्या बॉक्सच्या खाली! पोस्टरपाशी मी उभा. एक बाई आल्या, मजकूर वाचला, अक्षावर बोट ठेवलं. "हे दोन जुळत नाहीत हो." मी छपाईबद्दल काहीतरी पुटपुटलो. छापणाऱ्याने दिलं तेच छापलं होतं. बाई मान डोलावून पुढे गेल्या. सहकारी अजून म्हणतो, शेवटची नजर तू मारायची होतीस. असेल. पण तोच गुणक नीट घातासारखा दाखवायची सोय मॅटप्लॉटलिबमध्येच आहे, एका सेटिंगची, आणि तो आकड्यांबरोबर आपोआप बदलतो.

कोडमधली वाट सुखाची आहे असंही नाही. पायथनमध्ये बॅकस्लॅश-एमला वेगळा अर्थ नाही, म्हणून म्यू साध्या अवतरणातही उमटतो आणि माणूस निर्धास्त होतो. मग न्यू हे दुसरं ग्रीक अक्षर लिहायला जावं, तर बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ: वर एकटा डॉलर, खाली यू आणि दुसरा डॉलर. त्रुटीचा संदेश नाहीच. अवतरणाआधी आर लावला की हे थांबतं. घाताला महिरपी कंस विसरलात तर उणे चिन्ह वर चढतं आणि ६ खालीच राहतो. एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे चलाची किंमत आत भरणाऱ्या मजकुरात, तोच घात चलातून आणायचा तर दोन्ही बाजूंना तीन-तीन कंस. शिवाय डॉलरमध्ये अक्षरं तिरकी होतात. राशीला ते शोभतं, पण एकक सरळ हवं, नाहीतर मीटरचा एम वस्तुमानाचा वाटतो.

डॉलर-बॅकस्लॅशची ही लिपी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीची. स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून वैतागले आणि १९७७-७८मध्ये त्यांनी ती घडवायला घेतली. वैतागाला वैताग, दुसरं काय.

इतकं असून फक्त स्वतःला बघायच्या आलेखांत मी अजूनही यूच ठोकतो. त्यातले काही पुढे अहवालात जातात. त्यांचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.